थोरल्याची गव्हाण

३ मार्च, सकाळ
आजपासून धाकट्या घोडीचं रक्त पातळ ठेवायचं. निर्णय पक्का. गेल्या वर्षी थोरला घोडा पोटातल्या गुठळीने गेला. आमच्या तबेल्यात पुन्हा हे घडणार नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तेव्हा जंतांबद्दलही बरंच बोलल्या होत्या: जंतांमुळे आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होते, औषध वेळच्या वेळी द्यायला हवं होतं, वगैरे. पण मुद्दा गुठळीचा. मला हार्टसाठी ॲस्पिरिन चालू आहे आणि मी ठणठणीत आहे. घोडीचं वजन जास्त, म्हणून मूठभर गोळ्या कोंड्यात कालवून दिल्या. बायकोला सांगितलेलं नाही. तिला सायन्समध्ये गती नाही.
जंतांचं औषध फळीवर आहे. उद्या देईन.

६ मार्च
धाकटी गोळ्या आवडीने खाते. गव्हाण चाटूनपुसून साफ. (खाताना मी थांबत नाही. कोणी बघत असलं की तिला संकोच होतो.) डोळ्यांत तेज आलंय. रक्त पातळ झाल्याचं लक्षण.
बायको म्हणाली, बुटक्या आडभिंतीपलीकडचं थोरल्याचं ठाण वर्षभर बंद पडलंय, झाडून घ्या, गवत ठेवू. म्हटलं, रविवारी.

९ मार्च, रविवार
ठाण झाडलं नाही. कडी गंजलीय. तेल आणायला हवं.

११ मार्च
लिहू की नको? वही माझीच आहे, लिहितो. सकाळी कोंडा देऊन दाणाखोलीकडे वळलो, तोच थोरल्याच्या ठाणातून आवाज आला. टण्. थोडं थांबून टण्, टण्. पत्र्याच्या गव्हाणीवर. दाणा कमी पडला की थोरला अशीच दातांनी गव्हाण वाजवायचा. लख्ख उजेडात मी दाणाखोलीत शिरून दार लावून घेतलं.
उंदीर असणार. आत जाऊन पाहिलं नाही. उंदरात काय पाहायचंय?

१४ मार्च
उंदीर वक्तशीर आहे. धाकटीला कोंडा दिला की लगेच येतो.
भूतबित मी मानत नाही. पण आज दाणाखोलीत उभा असताना तोंडातून आपोआप निघालं, 'आलो रे, आलो.' पूर्वी म्हणायचो तसं. मग वाटलं, तो हिला न्यायला आला असेल तर? मूर्खपणा. तरी गोळ्या वाढवल्या.
तेल आणायचं राहिलं. जंतांचं औषध सोमवारी नक्की.

१९ मार्च
धाकटीच्या छातीवर गाठ आहे. नालबंदाने दाखवली. डॉक्टरीणबाई शनिवारी कापून काढणार. विचारत होत्या, घोडीला औषध वगैरे काही चालू आहे का. मी म्हटलं, छे. त्या म्हणाल्या, बरं झालं, लोक घरातली ॲस्पिरिन देतात. घोड्याच्या अंगातून ती लवकर निघून जाते, पण प्लेटलेट्स पुढचे काही दिवस नीट चिकटत नाहीत, रक्त थांबायला वेळ लागतो. आणि गुठळी टाळायला घोड्यात तिचा म्हणावा तसा भरवसाही नाही. मी 'हो का?' म्हणून धाकटीची आयाळ सारखी केली. बायको माझ्याकडे बघत राहिली.
शनिवारच्या आत सांगायचंच.

२१ मार्च
सांगायला फोन हातात घेतला. एंगेज असणार, म्हणून लावला नाही.
गोळ्या मात्र आज बंद. कोंडा नुसता दिला. आणि आज आवाज नाही. दाणाखोलीत कान लावून बसलो. काही नाही. म्हणजे त्याचं बोलावून झालं. आता तो उभा आहे नुसता.

२२ मार्च, शनिवार
काप घेतला तेव्हा मी थोरल्याच्या दाराला पाठ लावून उभा होतो. सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी सुरी आधी चालवली. रक्त पाहिलं आणि मागच्या दाराला हळूच म्हटलं, हिला नको रे नेऊस, हवं तर मला ने. (हे भावनेच्या भरात. माझा तसा आग्रह नाही.)
डॉक्टरीणबाईंनी बोळा दाबून धरला. थोड्या वेळाने उचलला. रक्त थांबलेलं. म्हणाल्या, छान गोठतंय. मी जाणकारासारखी मान हलवली. माझा डोस अचूक होता. बायकोने विचारलं, मग रडताय कशाला?

२३ मार्च
बायकोने स्वतःच कडीला तेल घातलं आणि ठाण उघडलं. थोड्या वेळाने सुपली घेऊन आली. 'अहो, ह्या कसल्या गोळ्या?' म्हणाली. थोरल्याच्या गव्हाणीत ढीग होता. धाकटीने एकही गिळली नव्हती. ओठांनी निवडायची, मान आडभिंतीपलीकडे टाकायची आणि तिकडे सोडायची. टण्.
बायको पोट धरून हसली. मीही हसलो. मग दाणाखोलीत जाऊन बसलो.
थोरला आलाच नव्हता.

२४ मार्च
जंतांचं औषध दिलं. नळी तोंडात धरली, दाबली, झालं. एवढंच काम होतं.
ठाणात गवत ठेवा, पण गव्हाण रिकामी राहू द्या, असं बायकोला बजावलं.
मग कोंड्यात एकच गोळी टाकली आणि दाणाखोलीत पाठ करून उभा राहिलो.
गव्हाण वाजली. आलो रे, म्हटलं.