डुकराला जड, हरणीला हलकी

शनिवार, १५ नोव्हेंबर
ठरलं! यंदा गोळी बदलायची. नाताळाच्या हाक्यात सलग दोन वर्षं आमच्या शिकारी मंडळाचा ‘हुकराजा’ मीच झालो. ज्याचे सगळ्यात जास्त बार हुकतात, त्याच्या गळ्यात सगळ्यांसमोर पत्र्याचं पदक घालतात आणि वर टाळ्या. हाक्याचा प्रमुख बोगुमिल आज बजावून गेला की डॉक्टर, तिसऱ्यांदा पदक घेतलंत तर नियमाप्रमाणे बंदूक घरी ठेवायची आणि पुढच्या वर्षी हाकाऱ्यांबरोबर काठीने झाडं बडवायची. मी? गावातला सगळ्यात स्थिर हाताचा दाताचा डॉक्टर? छट्!
दोष हाताचा नाहीच. गोळीचा आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर
दवाखान्यात अभ्यास सुरू. शिशाची गोळी मऊ, आत जाऊन फुलते. तांब्याची कडक, फुटत नाही. पेशंटांचंही मत घेतलं. तोंडात ड्रिल असल्यामुळे कुणी वाद घातला नाही. पोस्टातल्या बाईंनी मोठ्याने आऽ केलं, ते तांब्याच्या बाजूने धरलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर
हालिनाने विचारलं, डुकराला आधी गोळीची माहिती वाचून दाखवणार आहेस का? बायकोला या विषयातलं काही कळत नाही. तांबं बाद. शिसं घ्यायचं.

शनिवार, २२ नोव्हेंबर
नेमबाजीच्या रेंजवर गेलो होतो. पाण्याने भरलेल्या कॅनवर चार प्रकारच्या गोळ्या झाडल्या. एक तर अशी फुलली की बघत राहावं! दाढा मोजायच्या यंत्राने मोजली. डुकराचं चित्र असलेल्या सरकत्या फळीवर सराव करायचा होता, पण गोळीच ठरली नसताना सराव कसला करायचा? पुढच्या शनिवारी नक्की.

रविवार, ३० नोव्हेंबर
काल सराव नाही. डोकं दुखत होतं, कारण मोठा पेच पडलाय. डुक्कर म्हणजे चरबी, जाड कातडं, त्याला जड गोळी. हरणी नाजूक, तिला हलकी. एकच गोळी दोघांना कशी चालेल? मेहुण्याला विचारलं. तेओफिल म्हणाला, भाऊजी, दुकानदार देतो ती मी घालतो. गेल्या वर्षी त्याने चार डुकरं पाडली. नशीब असतं एकेकाचं.

शनिवार, ६ डिसेंबर
युरेका! दोन्ही न्यायच्या. उजव्या खिशात जड, डाव्या खिशात हलकी. जनावर बघायचं आणि त्याप्रमाणे भरायची. इतकी साधी गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही? तेओफिलने विचारलं, दोघं एकदम आली तर? मला त्याची कीव आली.

शनिवार, १३ डिसेंबर
हलकी गोळी जडपेक्षा वीतभर खाली लागते. म्हणजे हरणीवर वीतभर वर नेम धरायचा. विसरू नये म्हणून बंदुकीच्या दस्त्यावर चिठ्ठी चिकटवली. ती नीट चिकटेपर्यंत रेंज बंद झाली. असू दे. सराव काय, कुणीही करतं.

शुक्रवार, १९ डिसेंबर
सगळं तयार. उद्या बघाच म्हणावं.

शनिवार, २० डिसेंबर, संध्याकाळी ६
उभं राहायच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, मला सातवी आली. दोन पाइनच्या मध्ये, समोर नाला, घोट्याएवढा बर्फ. बंदुकीत जड गोळी. शिंग वाजलं, हाकाऱ्यांचा आरडाओरडा सुरू झाला आणि चाळीस पावलांवर हरणी! शांतपणे बोल्ट उघडला, जड काढली, हातमोजा काढला, हलकी भरली. हरणी बरीच थांबली होती बिचारी. ती गेली आणि तिथूनच डुकरीण आली, मागे पाच दांडगी पोरं! हलकी काढली. जड बर्फात पडली, डुकरं पायाजवळून पळाली. दुसरी घेतली, भरली, तर समोर पुन्हा हरणी. असं हाका संपल्याचं शिंग वाजेपर्यंत चाललं. एकूण सहा डुकरं, तीन हरण्या. बार एकही नाही.
तेओफिल आला, बर्फात वाकून बघितलं. माझ्या काडतुसावर डुकराचा खूर उमटला होता. म्हणाला, भाऊजी, गोळी डुकराला लागते हे माहीत होतं, डुक्कर गोळीला लागलेलं आज पहिल्यांदाच बघतोय. हाकारे पोटं धरून हसले.
शेकोटीपाशी बिगोस, म्हणजे कोबी-मांसाचा रस्सा, खाताना मोठा वाद झाला. हा नेम हुकला म्हणायचा की नाही? सेक्रेटरी वांदाबाईंनी आंबट कोबीचा घास गिळून निकाल दिला: बार झालाच नाही, तर हुकणार काय, डोंबल? पदक क्लेमेन्स बेकरीवाल्याला! तीनदा हुकला बेटा. मी धावत जाऊन त्याला मिठीच मारली. वाचलो! वाचलो! घरी येऊन हालिनाला उचलून गिरकी घेतली. कंबर धरली आहे, पण हरकत नाही.

रविवार, २१ डिसेंबर
पद्धत सिद्ध झाली: एकही नेम हुकला नाही. पुढच्या वर्षी तिसरा खिसा शिवून घ्यायचा, तांब्यासाठी. सराव जानेवारीपासून.

मंगळवार, २३ डिसेंबर
बोगुमिल स्वतः घरी आला. खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले तरी विषयाला हात घालेना. शेवटी म्हणाला की डॉक्टर, हाकाऱ्यांत जायची गरज नाही, कमिटीने सातवी जागा तुम्हाला कायमची दिली आहे. मी उठून त्याचा हात धरला. तो म्हणाला, आधी ऐकून तर घ्या. रान उठवलं की चारही बाजूंनी बार होतात. सगळंच मारलं तर पुढच्या वर्षी काय? पोरंबाळं घेऊन निघून जायला जनावराला एक वाट मोकळी लागते, आणि तुमच्याइतकी खात्रीची वाट आख्ख्या जंगलात दुसरी नाही. बंदूक हवी तर आणा, म्हणाला, शोभेला. गोळ्या नाही आणल्यात तरी चालेल.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण तो इतक्या मनापासून आभार मानत होता की मी हो म्हणून बसलो.