मागच्या चाकांची गाडी

रविवार संध्याकाळ, क्लेमेंटी, सिंगापूर, मैत्रीण वैशालीच्या घरी

डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन, एवढं काही झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आम्ही कॅनडाला जाणार. तिथे गाडी कुठली घ्यायची, एवढंच जेवताना बोलणं चाललं होतं. निखिलला मागच्या चाकांवर चालणारी हवी. मी म्हटलं, "बर्फात ती मागून घसरते रे. पुढच्या चाकांवर चालणारी घेऊ. इंजिनाचं वजन त्याच चाकांवर येतं, पकड राहते. मागे आपली इरा बसणार आहे."

"मला शिकवतेस?" म्हणाला आणि कानाखाली मारली. मग केस धरून माझं डोकं फ्रिजवर आपटलं. इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळली, "पपा, स्टॉप लाह!" तर त्याने वरणाचं पातेलं तिच्या दिशेने भिरकावलं. भिंतीवर आदळलं. तिला लागलं असतं तर? नऊ वर्षांची पोर.

मला मारायचा तेव्हा मी गप्प बसायचे. का बसायचे? आज दोघींचे पासपोर्ट उचलले आणि इराला घेऊन यिशुनच्या घरातून थेट इथे आले. कान दुखतोय. वैशाली म्हणते, आधी डॉक्टर, मग पोलीस. भीती वाटतेय, पण सकाळी जाणार.

आत्ताच त्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "बरं बाई, तू म्हणतेस तीच गाडी घेऊ. आता दोघी घरी या."

"तुला हवी ती घे," मी म्हटलं. "आम्ही तीत बसणार नाही."