आत्याने परत केलेलं परदेशी कर्ज

प्रिय आत्या,

तू गेल्याला आज सव्वा महिना झाला. पत्रं लिहायची आपल्याला सवय नाही. तू फोनवर ओरडायचीस आणि मी ऐकायचे. पण आमच्या कामात चूक लेखीच दुरुस्त करावी लागते, आणि माझी एक चूक तुझ्याकडे पाच वर्षं पडून आहे.

सुरुवात मात्र तुझी. पिंपरी पेंढारच्या पलीकडच्या आपल्या वाडीत नळपाणी योजनेची पहिली सभा विहारासमोर भरली, तेव्हा डिप्लोमा करून मी त्या प्रकल्पाच्या पुण्याच्या ऑफिसात नुकतीच कंत्राटी इंजिनियर झाले होते. तू पाणी समितीची अध्यक्ष. आमचे साहेब म्हणाले, परदेशी बँकेची मदत आली आहे.

“मदत हाय का उसनं?” तू बसल्या जागेवरून विचारलंस.

“ताई, सॉफ्ट लोन आहे.”

“सॉफ्ट म्हंजी?”

“मऊ. म्हणजे व्याज कमी, फेडायला भरपूर वर्षं.”

“कोन फेडनार?”

“सरकार.”

“आन् सरकारला पैसं कोन देतं?”

“तसं आपणच सगळे.”

“मंग उसनंच की राव! मऊ असू न्हाईतर कडक.”

सभा हसली. मी हसले नाही. साहेब माझ्याकडे बघत होते.

पुढे तू काय केलंस? चर वाडीनेच खणला. पाइप मी नकाशात रस्त्याने वळवून नेला होता. तू तो स्वतःच्या वावरातून सरळ नेलास. तू वावर देशील का, हे अंदाजपत्रक करताना मी विचारलंच नव्हतं! नळाला पाणी आलं आणि समितीच्या खात्यात पैसे उरले. कुणाचे उरत नाहीत, आत्या. तुझेच कसे उरले?

साहेब म्हणाले, मार्चच्या आत खर्च दाखवा, नाहीतर पुढचा हप्ता कापतील आणि आधी कंत्राटी माणसं जातील. कंत्राटी माणसं म्हणजे मी. त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. म्हटलं, एक कमान बांध, वर योजनेचं नाव लिहू.

“पान्याला कमान? त्ये काय वरात घिऊन येनार हाय?”

“आत्या, माझी नोकरी आहे.”

“तुझी नोकरी कमानीवर उभी हाय व्हय? मंग ती पडंल.”

मग बँकेचं पथक पाहणीला आलं. त्यातली गोरी बाई ओंजळीने नळाचं पाणी प्यायली. तू पदराआडून चेक काढलास. नावाच्या जागी ठसठशीत अक्षरांत ‘परदेशी बँक’. “ह्ये उरल्यालं. तुमचं तुमाला,” म्हणालीस आणि माझ्याकडे बघितलंस. दुभाषी मी होते.

साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “देखभाल निधी म्हणून सांगा.”

आणि मी सांगितलं. म्हटलं, उरलेल्या पैशातून हे लोक योजनेची देखभाल करणार आहेत. बाईने टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला, चेक साहेबांच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. हेच प्रत्येक गावाने करावं, असं परिपत्रकही निघालं! माझं कंत्राट वाढलं. तू खूश. “बाई लई मनाची मोठी. मोजलंबी न्हाई.”

महिन्याने तुझा फोन आला. “अगं, पासबुकात पैसं तसंच हायेत. बाई इसरली का काय?”

“परदेशात चेक वटायला वेळ लागतो.”

“किती?”

“बराच.”

एवढा मोघम अंदाज मी कधीच कुणाला दिला नव्हता. दर दोन-तीन महिन्यांनी तू विचारायचीस, मी तेच सांगायचे. एकदा म्हणालीस, “तिचा पत्ता दे, मीच जाऊन येते. आळेफाट्यावरनं यष्टी हाय का?” मी हसले. तू हसत नव्हतीस.

पंपाची मोटर जळली तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पासबुकात मोटरीपुरते पैसे होते. तू हात लावला नाहीस. “त्ये दुसऱ्याचं हाय,” म्हणालीस आणि स्वतःची भिशी उचललीस. ती भिशी घराच्या पत्र्यांसाठी होती. त्या पावसाळ्यात मी आले, तर घरभर गळतीखाली पातेली मांडलेली. मी मोजली, सात होती. तरी गप्प बसले. दोन थोबाडीत मारून माझ्याकडून खरं का काढून घेतलं नाहीस? तुला संशय आला नाही? की आला होता?

आता मी चौकशी केली आहे. हे कर्ज गावाला परस्पर फेडता येत नाही. ते दिल्लीहून, परकीय चलनात फिटतं. तुझा चेक घेणारी खिडकी कुठेच नव्हती. हे तेव्हाच सांगितलं असतं, तर तू मला शिव्या घातल्या असत्यास आणि कोरड्या घरात झोपली असतीस.

रविवारी समितीची बैठक आहे. तिथे उभी राहून मी सांगणार आहे की चेक कुठेच गेला नव्हता, भाषांतर मी खोटं केलं आणि ते नोकरीसाठी केलं. मोटरीचे पैसे समितीला त्या खात्यातून काढायला लावून, तुझ्यामागे त्या गळक्या घरात राहिलेल्या मामांच्या हातात देईन, आणि पावसाच्या आत पत्रे बदलून घेईन. शिव्या समिती देईलच. कमी पडल्या तर मामा आहेत. तुझ्या बऱ्याचशा त्यांना पाठ आहेत.

जय भीम.

तुझी भाची,
सुजाता