गप्प बसायची मुदत

अण्णा, तुम्ही उत्तर देणार नाही हे ठाऊक असूनही लिहायला बसले आहे. त्यात आता मला काही विचित्र वाटत नाही. तुमची नात गेली दोन वर्षं हेच करत होती. इथे अमेरिकेत कॉलेजच्या संघात खेळायचं तर शाळेत असतानाच कॉलेजच्या कोचच्या नजरेत भरावं लागतं. म्हणून ही पोर आपल्या खेळाचे व्हिडिओ काढून कोच लोकांना पाठवायची, खाली चार ओळी अदबीनं लिहायची, आणि उत्तर यायचं नाही. मला राग यायचा. एवढी मोठी कॉलेजं, साधी पोच देता येत नाही का, असं मी एकदा म्हटलं, तर मान वर न करता ती म्हणाली, "आई, दे आर नॉट अलाउड." मग तिनं मला नियम समजावला. मुलीची दहावी संपून जून अर्धा सरेपर्यंत कॉलेजच्या कोचनं तिच्याशी बोलायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही, आईबापांशीसुद्धा नाही. खेळ बघायला यावं, हवं तितकं बघावं. चुकून समोरासमोर आलेच तर हॅलो म्हणावं आणि पुढे जावं. कोवळ्या वयात पोरांच्या मागे कुणी लागू नये, त्यांना भुलवू नये, म्हणून हे सगळं. ऐकता ऐकता मला तुम्ही आठवलात, आणि मी भांडी जरा जास्तच आपटून लावली.

ती व्हॉलीबॉल खेळते, अण्णा. मी शिकवलेलं नाही. मी तर तुमच्या मैदानावरून उठले ती परत चेंडूला हात लावला नाही. पाचवीत असताना एकदा शाळेतून आली आणि म्हणाली, मला व्हॉलीबॉल खेळायचंय. उंचीनं ती माझ्यावर गेली आहे, म्हणजे तुमच्यावर. पण आता या खेळात लिबेरो नावाची एक जागा असते, तुमच्या वेळी ती नव्हती. लिबेरो मागच्या रांगेत खेळते, तिचा शर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, तिनं जाळीवर उडी मारून फटका मारायचा नसतो. तिचं काम एकच, चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. बुटक्या मुलींसाठीच केल्यासारखी जागा. पहिल्यांदा तिला त्या वेगळ्या शर्टात पाहिलं तेव्हा सगळे आईबाप टाळ्या वाजवत होते आणि मी रडत होते. ह्यांना वाटलं, लेकीचं कौतुक. तेही होतंच म्हणा. पण ही जागा तेव्हा असती तर, हेही होतं.

तिचं मन एकाच कॉलेजवर होतं. आमच्या कॅरी गावाहून चार-एक तासांवर, डोंगराच्या अंगाला आहे ते. तिथली कोच म्हणजे एक उंच, पिकल्या केसांची पोनीटेल घालणारी बाई. स्पर्धा असली की कन्व्हेन्शन सेंटरच्या अवाढव्य हॉलमध्ये एकाच वेळी वीस-पंचवीस सामने चालतात, शिट्ट्यांचा आणि चेंडूंचा नुसता कल्लोळ, आणि त्यात कोर्टाच्या टोकाला घडीच्या खुर्च्यांवर वेगवेगळ्या कॉलेजांचे कोच बसलेले असतात. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. ही बाई मात्र आमच्या मुलीच्या प्रत्येक सामन्याला येऊन बसायची. बघायची आणि उठून जायची. घरी येताना गाडीत एकच चर्चा. ती दुसऱ्या सेटपर्यंत थांबली. ती शेजारच्याला काहीतरी म्हणाली. ती हसली का? हसली असेल. पोरीचा जीव त्या खुर्चीपाशी टांगलेला होता.

आणि मग या फेब्रुवारीत तुमच्या मुलीनं काय दिवे लावले ते ऐका. ती बाई सकाळपासून त्या खुर्चीवरून हलली नव्हती. दुपारी तिनं पर्समधून सुक्यामेव्याचा एक बार काढला, अर्धा खाल्ला आणि परत ठेवला. माझ्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता. आपल्याकडच्या माणसाला कुणी उपाशी बघवतं का? मी उठले आणि सरळ तिच्यासमोर डबा उघडून उभी राहिले. म्हटलं, प्लीज, टेक सम, होममेड. पुढे हेही म्हणाले की मी कोर्टावरच्या त्या लिबेरोची आई. ती बाई खुर्चीवरून उठली, दोन्ही हात छातीपाशी धरले आणि एक पाऊल मागे गेली. "आय ॲम सो सॉरी, मॅम. आय कान्ट. हॅव अ गुड डे." एवढं बोलून ती खरोखरच निघून गेली, खुर्ची तिथेच टाकून. मागे वळले तर कोर्टावरून पोरगी माझ्याकडे बघत होती. पुढच्या सामन्याला ती खुर्ची रिकामी होती. गाडीत कॅरी जवळ आल्यावर पोरगी म्हणाली, "आई, व्हॉट इफ यू रुइन्ड इट?" ह्यांनी गाडीचा रेडिओ लावला. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते, पुऱ्या तशाच.

तुमच्याच मुलीनं हे करावं, अण्णा! निवडीचे दिवस आले की आपल्या दारात काय काय यायचं. कुणी दह्याचं गाडगं, कुणी आंब्याची पाटी, एकानं तर जिवंत कोंबडी आणली होती. तुम्ही शाळेतले क्रीडाशिक्षक, त्यातून जिल्ह्याच्या निवड समितीवर. तुम्ही दारातूनच हात जोडायचात आणि पाटी परत जायची. आई आत चरफडायची, कारण आंबे चांगले असायचे. निवड होईपर्यंत घरात व्हॉलीबॉलचा शब्द काढायचा नाही, हा तुमचा नियम. कुणी म्हणायला नको की मास्तरांनी घरच्या ताटावर संघ ठरवला. मग मैदानावरही तुम्ही माझ्याशी बोलेनासे व्हायचात. बाकीच्या मुलींना निदान "हात खाली घे" एवढं ऐकायला मिळायचं. माझ्यावर तुमची नजर यायची आणि पुढे सरकायची. मी ते अभिमानानं सोसायचे. माझे वडील कसे आहेत ते मला माहीत होतं, निदान तसं मला वाटायचं.

आज निवडीचा तो दिवस पुन्हा बघते आहे. सकाळ आहे, तुमची लूना अंगणात फटफटते आहे, मी मागे बसले आहे आणि मांडीवर चेंडूंची जाळी धरली आहे. तुम्ही मागे वळून म्हणता, "बुटांच्या नाड्या नीट बांध." बस, एवढंच. मैदानावर आम्ही ओळीत उभ्या राहतो. समितीतले दोघे तुमच्या बाजूला, कागद तुमच्या हातात. तुम्ही नावं वाचायला लागता. तुमचा आवाज रोजच्यासारखा, हजेरी घेतानाचा. एकेक मुलगी पुढे जाते. मग तुम्ही कागदाची घडी घालता. माझं नाव येऊन गेलं आणि मीच ऐकलं नाही असं मला क्षणभर वाटतं. नंतर शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, उंचीवरून अडलं, आणि माझा विषय निघाला तेव्हा तुम्ही खोलीबाहेर जाऊन उभे राहिलात. न्यायानं वागलात, सगळा तालुका तसं म्हणायचा. पण संघ आदल्या संध्याकाळीच ठरला होता, अण्णा. तुम्हाला माहीत होतं. जेवताना माहीत होतं, सकाळी चहा घेताना माहीत होतं, लूनावर मी तुमच्या पाठीला टेकून बसले होते तेव्हाही माहीत होतं. तुम्ही मला तिथे ओळीत उभं केलंत. परत येतानाही आपण त्याच लूनावर होतो. मी वाट बघत होते. पिठाची गिरणी गेली, पूल गेला, आपली गल्ली आली. तुम्ही लूना स्टँडवर लावलीत आणि आत जाऊन हातपाय धुतलेत.

मला तुमचा राग यायचा आणि अजून येतो. संघात घेतलं नाहीत म्हणून नव्हे. इथल्या नियमाला निदान एक तारीख आहे. जून अर्धा झाला की कोचची जीभ सुटते. तुमचा नियम कधी संपणार होता? निवड झाल्यावर संपायला हवा होता. माझं लग्न झालं तेव्हा, मी इकडे यायला निघाले तेव्हा, कधीतरी. तुम्ही गेलात त्याआधीच्या शेवटच्या फोनवर तुम्ही मला इथल्या थंडीबद्दल विचारलंत, मी तुम्हाला तुमच्या गुडघ्याबद्दल. आपण दोघंही फार शिस्तीनं वागलो.

तर जूनची ती तारीख उजाडली. पोरीनं फोन ओट्यावर ठेवला आणि स्टुलावर बसून राहिली. मैत्रिणींचे मेसेज येत होते, कुणाला दोन कॉल आले, कुणाला पाच. तिलाही आले, दोन लहान कॉलेजांचे, ती गोड बोलली. मी उगाचच जास्तीची कणीक मळत होते. दुपारी फोन वाजला आणि तिनं नंबर बघून माझ्याकडे पाहिलं. ती बाहेर घरामागच्या डेकवर गेली, पण दार उघडंच राहिलं. आवाज स्पीकरवर होता. ती बाई आधी म्हणाली की तुझ्या आईला सांग, त्या दिवशी मला त्या डब्यातलं काही घेता आलं नाही, फार वाईट वाटलं, वास अजून आठवतो. मी पिठाचे हात घेऊन तिथेच थिजले. मग तिनं मुख्य गोष्ट सांगितली. आता संघात किती मुली ठेवायच्या यावर मर्यादा आली आहे, दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू येतात, आणि त्यांतूनच तिनं एक लिबेरो आधीच घेतली आहे. तुला जागा देता येणार नाही. दोन वर्षं मी तुला बघत होते, ती म्हणाली, तू खाली पडणारा एकही चेंडू सोडून दिला नाहीस. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आज मीच फोन केला. पोरगी म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी." आवाज अजिबात हलला नाही. मला तो आवाज ओळखीचा वाटला, हजेरी घेणारा.

आत आली आणि डिशवॉशरला पाठ लावून जमिनीवरच बसली. मग रडली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मीही शेजारी बसले. तिच्या केसांना पीठ लागलं. बऱ्याच वेळानं नाक पुसत ती म्हणाली, "तू पण खेळायचीस ना? डिड यू एव्हर गेट कट?" मी हो म्हटलं, मलाही संघातून वगळलं होतं. म्हणाली, "पण आजोबाच कोच होते ना? मग? व्हॉट डिड ही से?"

अण्णा, काय सांगायला हवं होतं मी? ती माझ्याकडे बघत होती, डोळे सुजलेले, गुडघ्यावर कोर्टावर घासून झालेली जुनी खूण. मी म्हटलं, घरी येताना पुलावर आजोबांनी लूना थांबवली. उतरले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तू चांगली खेळलीस, मला दिसत होतं. ती डोकं माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाली, "ही साउंड्स नाइस."

हे कागद कुठल्या पोस्टात टाकणार, चेंडूंच्या जुन्या पिशवीत ठेवून देईन. लूना पुलावर थांबली नव्हती, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तिला सांगू नका.