रंगशाळा, काळा झगा आणि वेनान्झोचा जीव

मी ओर्तेन्सिया, कै. लाझारो रंगाऱ्याची विधवा, राहणार रोक्कालुपा, फाशीच्या चौकासमोरील घर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने नोटरी मेव्हियो यांच्याकडून लिहून घेत आहे. पाय सुजले आहेत, एका कानाने कमी ऐकू येते. परंतु डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी धमकावलेले नाही. तेवढी छाती या गावात कोणाची नाही. आत्मा देवाच्या स्वाधीन, देह लाझारोच्या शेजारी. पूर्वीची मृत्युपत्रे, म्हणजे नणंदेवर रागावून केलेली दोन्ही, रद्द समजावीत.

कलम पहिले. रंगशाळा, तिन्ही काहिली, निळीचा हौद, तुरटी व मंजिष्ठेचा साठा माझा मुलगा फुल्वियो यास. या कलमात आधी एक अट होती, ती मी खोडायला लावली आहे. कारण शेवटच्या कलमात येईल.

कलम दुसरे. तांब्याचे मोठे पातेले नणंद प्रास्सेदे हिला. ते तिच्याकडेच आहे. माझ्या लग्नाच्या वर्षी उसने नेले होते. आता ते रीतसर तिचे झाले, तेव्हा मी आले की खाटेखाली सरकवण्याचे कष्ट तिने घेऊ नयेत.

कलम तिसरे. घरही फुल्वियोचे. मात्र फाशीच्या दिवशी त्याच्या खिडक्या बघ्यांना भाड्याने देऊ नयेत. प्रास्सेदे तिच्या देते, वर भाजलेले हरभरे विकते. आमच्या खिडक्या त्या दिवशी बंद असत, कारण लाझारो खाली चौकात असे.

कलम चौथे. लाझारोचा काळा झगा व टोपडे दयाबंधू मंडळास परत. आमच्याच हौदातला रंग आहे. असा काळा अजून कोणाला जमलेला नाही. हे बंधू फाशीच्या माणसासोबत चालतात आणि प्रभूचे चित्र काढलेली पाटी त्याच्या डोळ्यांसमोर धरतात, म्हणजे त्याला फास दिसू नये. त्या दिवशी लाझारो घरी येऊन जेवत नसे. मी ओरडले की म्हणे, "अगं, त्याला पाटी दिसते. मला पाटीमागचं सगळं दिसतं ना!" चांगला नवरा मिळाला मला. आयुष्यही चांगले गेले. तक्रारी मी सवयीने करते.

कलम पाचवे. आमचे फादर डॉन चेल्सो यांना मेणबत्त्यांची पेटी. त्यांनी प्रवचनात सांगितले की राजाच्या हाती तलवार देवानेच दिली आहे, आणि पश्चात्ताप झालेल्या खुन्याला फाशी हीच स्वर्गाची जवळची वाट. मी बाकावरून उठून म्हणाले, "फादर, एवढी जवळची वाट आहे, तर आधी तुम्ही जाऊन बघा ना!" फादर हसले नाहीत. मेणबत्त्या त्याबद्दल आहेत. शब्द मी मागे घेत नाही.

मठातल्या ब्रदर एजिदियोंना लोकरी पायमोजे, त्यांच्या नियमात बसत नसले तरी. त्यांनी मला एवढेच विचारले, "बाई, आपला प्रभूही कायदेशीर निकालानेच क्रुसावर गेला. तुम्ही त्या गर्दीत असतात, तर काय ओरडला असतात?" मी घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही. प्रास्सेदेला वाटले मी आजारी आहे.

कलम शेवटचे. माझा थोरला मुलगा तिबेरियो चीजची चाके घरंगळवण्याच्या खेळात मारला गेला. चाक रेषेपलीकडे गेले की नाही, यावरून भांडण झाले आणि गाडीवान वेनान्झोने त्याला धोंडा मारला. तिबेरियो माझा फार लाडका होता. भांडखोरही होता. रोज दुपारी अजून त्याच्या पावलांची वाट पाहते.

वेनान्झोला फाशीची शिक्षा झाली आहे. दरवर्षी संत योहानाच्या शिरच्छेदाच्या सणाला दयाबंधूंना एका कैद्याला फाशीतून सोडवता येते. यंदा ते त्याचे नाव घालायला तयार आहेत. मात्र मयताच्या आईने आणि भावाने, दोघांनीही शांती, म्हणजे त्याचा जीव आम्हाला नको असे, लिहून दिली तरच. रिवाजाप्रमाणे मी तुरुंगात जाऊन त्याच्या गालावर शांतीचा मुका घेतला. तोंडाला कांद्याचा वास येत होता. तो रडला, मीही रडले, आणि येताना बरे वाटले. सणापर्यंत मी टिकेन याची खात्री नाही, म्हणून माझी शांती इथेच नोंदवते: वेनान्झोने जगावे.

फुल्वियोने नकार दिला. म्हणाला, "तू घेतलास ना त्याचा मुका? बास झालं. माझा भाऊ मातीत आणि हा मोकळा फिरणार?"

"तो लटकला म्हणजे तिबेरियो उठून जेवायला येणार आहे का रे?"

"नाही येणार. पण मी नीट जेवेन."

म्हणून मी अट घातली होती: सही केली तरच रंगशाळा. नोटरी म्हणाले, "बाई, नामी अट आहे. लगेच करेल सही."

"करेल, म्हणूनच खोडा," मी म्हणाले. रंगशाळेच्या मोबदल्यात मिळालेली दया पहिल्या धुण्यात उतरेल. फुल्वियो, सही केलीस किंवा नाही केलीस, सगळे तुझेच आहे आणि तू माझाच आहेस. पण कर रे बाळा.

रोक्कालुपा, १९ ऑगस्ट १७६४.
ओर्तेन्सिया, स्वहस्ते.
साक्षीदार: पखाली शिवणारा चांभार सेवेरिनो, दयाबंधू मंडळाचे कारभारी ऑरेलियो.

खालील मजकूर त्याच दिवशी, वाचून दाखवल्यानंतर, दुसऱ्या हस्ताक्षरात:

मी फुल्वियो, लाझारोचा मुलगा. सगळे ऐकले. मी वेनान्झोला माफ केलेले नाही. त्याच्या गालाला तोंड लावणार नाही. पण त्याला मारा, असे मी म्हणत नाही. नोटरी म्हणतात, कायद्याला एवढे पुरते. आई म्हणते, उरलेले देव तुझ्याकडून करून घेईल. तिला सांगितले, देवाला म्हणावं घाई करू नकोस.

सही, फुल्वियो.