लाठी हातातच राहू दे

६ सप्टें., रविवार
अश्वी आली अमरावतीहून. माही नात, विलासची पोरगी. तिकडे कार्टूनचं शिकते. थे चित्रं काढते अन् कम्प्युटर त्याईले पळवते. आल्या आल्या म्हणे, "आजी, वर्गातल्या सगळ्याईले मारामारीचं कार्टून बनवाचं हाये. माह्यात तू हायेस." म्या म्हटलं, फोटो तं मेल्यावर लावते वो, मी जित्ती हावो अजून! लय हासलो.

नवं लुगडं नेसली, पावडर लावली, नथ घातली, आंगणात उभी. थे म्हणे, "हे काढ आजी. रोजचं नेस, कासोटा मार अन् लाठी फिरव." म्या म्हटलं, बरं, पण कंबर बारीक काढजो. पडद्यावरच्या बाईले कंबर लागतेच. म्हणे, "नाई. हाये तशीच." थोडा रागच आला.

लाठी बाबानं शिकवली, गोठ्यामांगं, लपून. आखाड्यात पोरीले कोण घेते. लग्नात संगं आणली तं सासूनं तिच्यावर धुणं वाळू घातलं! पण हात इसरला नाई. फिरवली तं फिरलीच, सूं सूं. कोंबड्या पळाल्या. अश्वी मोबाइलवर घेतच राहिली. दम लागला, पण सांगतलं नाई.

८ सप्टें., मंगळवार
खांदा दुखते. शेजारची रशीदाबी तेल लावून गेली. "कौसाबाई, तुम तो हिरोइन हो गये!" विलास फणफणला, "वावर जळून राहिलं अन् तुमाले नाचणं सुचून राहिलं." म्या म्हटलं, मी नाई नाचली तं पडते का पाणी? सोयाबीन पिवळं पडलं, खरंच. जाऊ दे.

अश्वीनं तिच्या संगच्याईचे कार्टून दाखवले. पोरी लढते, पण केस मोकळे अन् कपडे इतुकसे! अवं, केस डोळ्यात गेले तं समोरचा दिसन का? अन् म्हातारी? एकात चेटकीण. एकात दाराशी बसून रडते. बस, झालं.

मंग माह्यं. अजून कच्चं हाये म्हणे. पोट हाये, सुरकुत्या हाये, कासोटा हाये, अन् गुंडे लोळून राहिले. मीच हावो वो! कंबर गेली खड्ड्यात. परत लाव म्हटलं. मंग अजून एकडाव.

१२ सप्टें., पोळा
अश्वी सणाले परत आली. तिच्या सराचा फोन. सगळ्याईचे कार्टून कॉलेजच्या हॉलमंदी दाखवणार, मोठ्या पडद्यावर. पण सर म्हणे, म्हातारी लढली तं लोक मानत नाई. लाठी काढ, लाटणं दे हातात. हासतीन लोक, मजा येईन. नाई तं तुह्यं कार्टून हॉलमंदी नाई.

रशीदाबी पुरणपोळी खाता खाता थांबली. "जिंदगीभर लाटनाच तो दिया हमारे हात में. कार्टून में भी वोइच?"

विलास म्हणे, "दे ना लाटणं, पोट्टे. आजी दिसन तरी पडद्यावर."

मले दिसाचं होतं. खोटं काहून लिहू. अख्ख्या गल्लीले सांगून बसली, माहेरी फोन केला, भावजय जळाली पायजे म्हणून मुद्दाम...

अश्वीचं तोंड एवढंसं. म्हणे, "आजी, त्यात तू हायेस. तूच सांग."

मी पोळीच लाटून राहिली होती. म्हटलं, पोरी, ह्यानं पोळी होते. मारामारी नाई. लाठी हातातच राहू दे.

विलास उठून बैलाकडे गेला. पोळी जळली.

१३ सप्टें., रविवार
अश्वीनं सराले सांगतलं, लाठीच राहीन. सर म्हणे, "पाहू." अन् ठेवला फोन. पाहू म्हंजे काय थे त्याचं त्याले ठावं. बस धरून गेली पोरगी.

१५ सप्टें., मंगळवार
उद्या हॉल. सराचं अजून काई नाई.

विलास म्हणे, "मंग आई, तू जातं काहून अमरावतीले? दुसऱ्याईच्या कार्टूनातल्या पोरी पाहाले?" रशीदाबीनं बुरखा धुतला, थेही येऊन राहिली. भाकरी बांधल्या, मिरचीचा ठेचा घेतला.

म्या सांगतलं त्याले, जातो म्हणजे जातो. पडद्यावर नाई दिसली तं पैल्या खुर्चीवर दिसीन.