आवाज न करणारी पेटी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल लावता की नुसतं कपाटात ठेवता? (कपाटातच असणार, ओळखतो मी तुम्हाला.) आम्ही सगळे बरे आहोत. ‘महिनाअखेर शेड रिकामी करा’ ही तुमची चिठ्ठी मिळाली. ताईने ती दोनदा वाचली, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि परत सोल्डरिंगला बसली. तुमच्या त्या पत्र्याखाली अकरा माणसं घेऊन ती चार वर्षं उन्हावर चार्ज होणाऱ्या वीजपेट्या बनवतेय. सैन्याने त्या घेतल्या तरच कारखाना टिकणार, नाहीतर कुलूप, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तर मंगळवारी सैन्यापुढे चाचणी झाली. त्याआधी निविदेची तीनशे बारा पानं, प्रत्येक पानावर ताईची सही. (मी नुसते शिक्के मारले तरी माझा खांदा भरून आला.) तंबूतला वायरलेस, दिवा आणि पंखा आपल्या पेटीवर सलग चार तास चालवायचा होता. दुसऱ्या कंपनीचा माणूस टाय लावून, गुळगुळीत पुस्तिका घेऊन आलेला. ताईबरोबर कोण, तर मी. आता माझी उभी हयात डिझेल जनरेटर दुरुस्त करण्यात गेलेली; धडधड ऐकल्याशिवाय मला झोपसुद्धा लागत नाही. आणि ताईने पेटीवर लक्ष ठेवायला नेमकं मलाच बसवलं.

तीन तास झाले. ताई कर्नलसाहेबांना काहीतरी समजावत होती. दिव्या-पंख्याकडे पाठ करून मी पेटीला कान देऊन ऐकतो, तर पेटी गप्प! ना घरघर, ना थरथर. हात लावला तर गार. म्हटलं, मेली! ताईची चार वर्षं पाण्यात! कोणी बघत नाही असं पाहून ती परत चालू करायला पटकन बटण दाबलं. दिवा गेला, पंखा थांबला, वायरलेसवरचा जवान अर्धा शब्द तोंडात ठेवून माझ्याकडे बघायला लागला. चांगली चालू असलेली पेटी मी बंद केली होती, मामा. तोंड कुठे लपवू असं झालं.

ताई शांतपणे आली, बटण पुन्हा दाबलं आणि म्हणाली, “साहेब, हा माझा सख्खा भाऊ. वीस वर्षं जनरेटर दुरुस्त करतोय. हातभर अंतरावर बसून याला पेटी चालू असल्याचं कळलं नाही. शत्रूला कुठून कळणार?”

कर्नलसाहेबांनी वाकून स्वतः पेटीला कान लावला आणि मग असे हसले की बाहेरचे शिपाई आत डोकावले. नियम तो नियम म्हणून चार तास परत पहिल्यापासून मोजले. (मला तंबूबाहेर बसवलं.) पेटी तशीच मुकाट चालली. काल ऑर्डर आली. दोनशे पेट्या! मला रडू आलं, लपवत नाही. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
जनरेटरवाला

ता. क. जागा वर्षभर कारखान्याकडेच राहील असं जागामालकाने लिहून दिल्याशिवाय ऑर्डर पक्की होत नाही. जागामालक म्हणजे तुम्ही. ताई मेली तरी मागणार नाही, स्वभाव तुमच्यावरच गेलाय. कागद सोबत आहे, फुलीपाशी सही करा. तिला सांगू नका.

आणखी एक. काल मी ताईला विचारलं, कारखान्यात एवढी हुशार माणसं असताना पेटीजवळ मलाच का बसवलंस? मान वर न करता म्हणाली, “बाकीच्यांनी बंद केली नसती.”